ड्रमचं सील आणि सासऱ्यांची मिशी

सोमवारी सकाळी पहिल्याच पेशंटने तोंडात कापूस आणि नळी असतानाही डॉक्टरांच्या छातीकडे बोट दाखवलं. डॉक्टरांनी मान खाली घालून पाहिलं. पांढऱ्या शुभ्र कोटावर खांद्यापासून पोटापर्यंत एक काळा पट्टा उमटला होता. कुणीतरी अंगावरून सायकल नेली असावी तसा.

"कालच धुतलाय हो," डॉक्टर म्हणाले.

पेशंटला बोलता येत नव्हतं, पण त्याचा विश्वास बसलेला नाही हे त्याच्या भुवयांनी सांगितलं.

दातांचे हे डॉक्टर शांत स्वभावाचे, हलक्या हाताचे आणि त्याहून हलक्या आवाजाचे. कोटाचा तो पट्टा कुठून आला हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. घरातला कपडे वाळवायचा ड्रायर गेले काही आठवडे बिघडला होता. आधी तो नुसता कुरकुरायचा. मग कण्हायला लागला. आता तर चालू केला की कुणीतरी पत्र्याचं कपाट जिन्यावरून ओढत नेतंय असं वाटायचं. शिवाय आत टाकलेला प्रत्येक कपडा काहीतरी खूण घेऊनच बाहेर यायचा. उशांच्या अभ्र्यांवर काळे फराटे, बायकोच्या कुर्त्याची बाही चघळल्यासारखी. एक हातरुमाल तर आत गेला तो गेलाच.

"एक तर हे मशीन दुरुस्त कर, नाहीतर मी कपडे तुझ्या दवाखान्यात वाळत घालते," बायकोने बजावलं होतं. "पेशंटच्या खुर्चीवर."

डॉक्टरांनी दुरुस्तीवाल्यांना फोन लावला. पलीकडच्या बाईंनी ड्रायर चालू करायला सांगितला, फोनवरूनच तो आवाज ऐकला आणि म्हणाल्या, "ड्रमचं सील गेलंय." मग त्यांनी नीट समजावून सांगितलं. आतला मोठा ड्रम फिरताना पुढच्या पत्र्यावर घासू नये म्हणून त्याच्या तोंडाला नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, जाड पट्टी चिकटवलेली असते. ती झिजली की मध्ये फट पडते, फटीत कपडे अडकतात आणि काळे होतात. त्यांचा माणूस तीन आठवडे येऊ शकणार नव्हता. पण सील सुट्या भागांच्या दुकानात मिळेल, आणि "तुम्ही स्वतः बसवू शकता, काही अवघड नाही," असंही त्या म्हणाल्या. ज्याला स्वतः बसवायचं नसतं तो माणूस बोलतो त्या सुरात.

स्वतः! हा शब्द ऐकून डॉक्टर मोहरून गेले. कारण दोन महिने झाले, त्यांना स्वतःच्या घरात स्वतः काही करायची सोयच उरली नव्हती.

त्याचं कारण म्हणजे सासरे. त्यांच्या घरातल्या फरश्या उखडून नळ बदलायचं काम निघालं होतं, म्हणून सासू-सासरे लेकीकडे राहायला आले होते. सासूबाई शांतपणे शब्दकोडी सोडवत बसायच्या. सासऱ्यांची गोष्ट वेगळी. सबंध आयुष्य त्यांनी बस चालवली होती. आवाज असा की मागच्या सीटवर झोपलेला माणूस आपला थांबा नसतानाही उतरून जायचा. ओठावर झाडूसारखी भरघोस मिशी. आणि जीभ मोकळी. खालच्या मजल्यावर राहणाऱ्या प्लंबरला ते "अरे शहाण्या" म्हणत, पोस्टमनला "काय रे कासवा", आणि लेकीला तर दिवसातून दहा वेळा "बावळट कुठली". ज्याला शिवी पडायची तो हसायचा, कारण ती शिवी म्हणजे सासऱ्यांचा आपलेपणाचा शिक्का होता.

या शिक्क्याविना जगात एकच माणूस राहिला होता, तो म्हणजे जावई.

"जावईबापू, तुम्ही बसा." "जावईबापू, तुम्ही कशाला त्रास घेता?" डॉक्टरांनी बल्ब बदलायला स्टूल घेतलं की सासरे त्या स्टुलावर आधी चढलेले असत. लग्नाला आठ वर्षं झाली होती. इतक्या वर्षांत सासरे त्यांच्यावर एकदाही ओरडले नव्हते की त्यांनी कधी कामाला लावलं नव्हतं, एकेरीत हाक मारणं तर दूरच. डॉक्टर स्वतःच्याच दिवाणखान्यात, सर्वांत मऊ खुर्चीत, हॉटेलच्या लॉबीत गाडीची वाट बघणाऱ्या माणसासारखे बसून असायचे. एकदा तर खालून "अरे माकडा, नळ डावीकडे फिरव!" असा आवाज आला तेव्हा त्यांना प्लंबरचा हेवा वाटला होता. हे त्यांनी बायकोला सांगितलं नाही. सांगण्यासारखं नव्हतंच ते.

रविवारी दुपारी बायको आणि सासूबाई पडद्यांचं कापड बघायला बाहेर पडल्या. दार लागलं तसे डॉक्टर सील, डिंकाची ट्यूब आणि स्क्रू ड्रायव्हर घेऊन बाथरूमबाहेरच्या बोळात गेले. मशीनचा प्लग काढेपर्यंत मागे चपला वाजल्या.

"जावईबापू," सासरे म्हणाले, "तुम्ही जरा बाजूला होता का?"

"नाही, म्हणजे, मी करतो ना, बाबा."

"तुमची बोटं नाजूक कामाची. लोखंडाला हात लावू नका."

"दोघे मिळून करू," डॉक्टर धीर करून म्हणाले. सासऱ्यांनी मिशीवरून हात फिरवत विचार केला. अखेरीस दोन माणसांवाचून ड्रम निघणार नाही असं दुकानदारानेही बजावल्याचं कळलं तेव्हा त्यांचा नाइलाज झाला.

मशीन बोळातून दिवाणखान्यात आणायला सासऱ्यांनी बस मागे घेतात तशी दिशा दिली. "येऊ द्या... येऊ द्या... डावी मारा... बस्स!" हे त्यांनी इतक्या जोरात म्हटलं की समोरच्या बाल्कनीतल्या बाई डोकावून गेल्या. झाकणाचे स्क्रू निघाले. दाराच्या बटणाची वायर सोडवून पुढचा पत्रा अलग झाला. मोटरच्या चाकावरून पट्टा उतरवला, आणि दोघांनी मिळून ड्रम उचलून सतरंजीवर उभा ठेवला, तोंड वर करून. एखाद्या मोठ्या पातेल्यासारखा.

पातेल्याच्या काठावरची जुनी पट्टी जागोजागी सोलून गेली होती. उरलेली ओढली तशी वाळलेल्या सालीसारखी हातात आली. हरवलेला रुमाल मशीनच्या तळाशी सापडला. त्याला आता रुमाल म्हणणं धाडसाचं होतं. काठावर मात्र जुन्या डिंकाचे दगडासारखे खडे राहिले. सासरे सुरीने खरवडायला लागले, पण काही हलेना. तेव्हा डॉक्टर आत गेले आणि बॅगेतून एक बारीक, वाकड्या टोकाचं हत्यार घेऊन आले.

"दातांवरची पुटं काढतो ते," त्यांनी सांगितलं.

सासऱ्यांनी हातातली सुरी खाली ठेवली. "हे कुणाच्या तोंडातलं आहे?"

"नवीन आहे, बाबा."

डॉक्टरांनी कपाळावरचा दिवा लावला, भिंग डोळ्यांवर ओढलं आणि ड्रमच्या काठावर वाकून एकेक खडा असा उडवला की सासरे बघतच राहिले. सवयीने डॉक्टर मध्येच म्हणाले, "दुखलं तर हात वर करा." मग त्यांनाच हसू आलं. सासरे हसले नाहीत. जावयाला हसणं त्यांना बरं दिसलं नसतं.

काठ स्पिरिटने पुसून झाला. आता नवं सील. ते नमद्याचं एक सलग कडं होतं, आणि ड्रमच्या तोंडापेक्षा चांगलं चार बोटं लहान. म्हणजे ते ताणून चढवायचं.

"टायर चढवायचा तसाच प्रकार," सासरे खूश होऊन म्हणाले. "मी हा काठ धरतो. तुम्ही तिकडून ओढा."

डिंक पिवळा, घट्ट आणि नाकात झिणझिण्या आणणारा होता. उष्णतेने सुटायचा नाही, लावला की थोडं थांबायचं, आणि एकदा टेकला की टेकला, असं ट्यूबवर लिहिलं होतं. डॉक्टरांनी तो काठावर आणि सीलच्या आतल्या बाजूला लावला. दोघे गुडघ्यांवर बसले, ड्रमच्या दोन बाजूंना. सासऱ्यांनी आपली बाजू काठावर बसवली आणि दोन्ही अंगठ्यांनी दाबून धरली. डॉक्टर ओढू लागले.

"येतंय... येतंय," सासरे म्हणाले. पट्टी खाचेत बरोबर बसतेय का ते बघायला त्यांनी तोंड अगदी काठाजवळ नेलं. चष्मा घरंगळत नाकाच्या शेंड्यावर आला. तेवढ्यात त्यांच्या लक्षात आलं की डॉक्टर फार ओढताहेत आणि आपल्या अंगठ्यांखालून पट्टी निसटायला लागली आहे.

अशा वेळी प्लंबर समोर असता तर सासरे "सोड!" एवढंच ओरडले असते आणि काम झालं असतं. पण समोर जावई होता.

"जावईबापू," सासऱ्यांनी सुरुवात केली, "तुमची हरकत नसेल, तर तुमच्या बाजूचा काठ तेवढा जरासा सैल—"

क्रियापदापर्यंत ते पोचलेच नाहीत. सील त्यांच्या अंगठ्यांखालून सटकलं, फटकन नाकाखाली बसलं आणि तसंच मिशीला घेऊन पुन्हा काठावर, खाचेत, नेमकं जिथे बसायला हवं तिथे जाऊन बसलं.

मग ड्रमच्या आतून, घुमटातून यावा तसा, आवाज आला.

"अरे गाढवाऽऽ!"

डॉक्टरांनी मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं.

"मागे काय बघतोस? तुलाच म्हणतोय! ओढतो काय बैलासारखा! डोळे आहेत की बटणं?" सासऱ्यांचं वरचं अंग ड्रमवर ओणवं होतं. वरचा ओठ पट्टीला चिकटला होता, त्यामुळे शब्द सगळे ड्रममध्ये जात होते आणि दुप्पट होऊन बाहेर येत होते. "सोडव मला! आणि हसलास तर याद राख!"

डॉक्टर हसत नव्हते. घाबरले तर ते होतेच, डिंक किती वेगाने सुकतो ते त्यांनी वाचलं होतं. पण त्या भीतीच्या खालून उकळी फुटत होती, आणि ती आनंदाची होती हे कळल्यावर त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

"हलू नका, बाबा," ते म्हणाले, आणि आवाज दवाखान्यातला निघाला. "नाकाने श्वास घ्या. ओठ ढिला ठेवा. बोलायचं नाही."

"बोलायचं नाही काय, बोलणारच! मिशीला कात्री लावायची नाही, सांगून ठेवतो!"

डॉक्टरांनी व्हॅसलिन आणलं, चिमटा आणला. दिवा कपाळावर होताच. ते सतरंजीवर आडवे झाले आणि खालून, केसांच्या मुळाशी बोटाने व्हॅसलिन चोळत, एकेक केस सोडवायला लागले. उजवीकडचे केस वरवर टेकले होते, ते येत गेले. डावीकडचे मात्र डिंकात पार रुतले होते.

अशा अवस्थेत दार उघडलं. बायको आणि सासूबाई आत आल्या. दिवाणखान्याच्या मध्यभागी मशीनचा सांगाडा, सासरे ड्रमवर पालथे, जावई त्यांच्या हनुवटीखाली उताणा, कपाळावर दिवा.

सासूबाईंनी हातातली पिशवी खाली ठेवली. "अहो, हे काय? मशीनला पापी देताय का?"

"चिकटलोय!" ड्रम गरजला.

"काय झालं रे?" बायकोने नवऱ्याला विचारलं.

"मिशी," डॉक्टर म्हणाले. "सीलमध्ये."

बायकोने ओढणी तोंडात कोंबली आणि ती सरळ बाथरूममध्ये गेली. तिथून नळ पूर्ण सोडल्याचा आवाज आला. त्या आवाजाने काही लपलं नाही.

सासूबाई वाकून बघत होत्या. "निघेल?"

"उजवी निघाली, आई. डावी कापावी लागेल. नाहीतर सील फाडावं लागेल."

"मग फाड सील!" सासरे ओरडले.

"काही फाडायचं नाही," सासूबाई म्हणाल्या. "महिनाभर काळे फराटे घालून फिरतेय मी. केस काय, पुन्हा येतील. तुम्ही काय आता मशीनला तोंड लावूनच जेवणार आहात? कापा हो, डॉक्टर."

ड्रममधून एक मोठा उसासा घुमला. डॉक्टरांनी ती परवानगी समजली आणि बारीक कात्रीने, चामडीला टोकही न लागू देता, डावी बाजू मोकळी केली.

सासरे उठून बसले. कंबर धरून त्यांनी आरसा मागितला. कुणी आणेना. तेव्हा स्वतःच उठून बेसिनपाशी गेले. अर्धी मिशी ठेवून चालणार नव्हतं. शेवटी रेझरचा आवाज आला. तोंड पुसत ते बाहेर आले तेव्हा सगळे त्यांच्याकडे बघत राहिले. ओळखीच्या रस्त्यावरचं मोठं झाड तोडल्यावर मागची इमारत दिसावी, तसा तो चेहरा दिसत होता.

"अगं बाई," सासूबाई हळूच म्हणाल्या. "तुमचा ओठ थेट सासूबाईंसारखा आहे."

"कुणाच्या?"

"तुमच्या आईच्या. अगदी अस्सा मुडपलेला. घरात त्याच परत आल्यासारखं वाटतंय मला." त्यांचं आणि त्यांच्या सासूचं कधी पटलं नव्हतं. त्या शब्दकोडं घेऊन पाठ फिरवून बसल्या. "लवकर वाढवा काय ती मिशी."

सील सुकेपर्यंत डॉक्टरांनी काठावर सगळीकडे कपड्यांचे चिमटे लावून ठेवले. त्यात गुंतलेले केस त्यांनी जमतील तेवढे वेचले. चार-पाच राहिलेच.

चहा झाल्यावर सासरे ड्रमजवळ आले. घसा खाकरला. आवाज एकदम खाली गेला होता.

"जावईबापू, मघाशी तोंडातून वावगं गेलं. वेळच तशी होती. मनावर घेऊ नका."

डॉक्टरांच्या हातातला चिमटा तसाच राहिला. पुन्हा ती मऊ खुर्ची, पुन्हा ती लॉबी. एरवी ते "छे छे, असू द्या" म्हणून मोकळे झाले असते. दाताखाली खडा आल्यासारखं करत ते म्हणाले, "बाबा, मी घेतलंय मनावर."

सासऱ्यांचा उघडा ओठ थरथरला. "माफी मागतो मी."

"माफी नको. गाढवच म्हणा." डॉक्टरांचे कान लाल झाले, पण आता गाडी उतारावर लागली होती. "तुम्ही 'अहो' म्हणता ना, तेव्हा मला वाटतं मी इथे कुणाच्या तरी ओळखीने आलोय. आठ वर्षं झाली. मला एकदा तरी स्टुलावर चढू द्या."

सासरे सवयीने मिशीवरून हात फिरवायला गेले, तिथे काही सापडलं नाही, म्हणून गालच खाजवला.

"लेकीला दिलं त्या घरात मान ठेवून राहावं, असं मला वाटायचं," ते म्हणाले. "तुला, म्हणजे तुम्हाला, वाईट वाटू नये म्हणून."

"पहिलंच बरोबर होतं."

"सवय लागायला वेळ लागेल."

"लागू द्या."

सासऱ्यांनी खोल श्वास घेतला. समोर नजर टाकली. "मग असा खांबासारखा उभा काय राहतोस? ड्रम उचलायचाय. धर तिकडून! पाठीतून नाही रे, गुडघ्यातून. कुणी शिकवलं तुला उचलायला?"

सवय लागायला चहाचा कप विसळण्याइतकाही वेळ लागला नाही. ड्रम जागेवर बसला. पट्टा मोटरच्या चाकावर चढवायला डॉक्टर पोटावर झोपून मशीनच्या खालून हात घालून चाचपडू लागले आणि वरून सासरे बरसू लागले. "डावीकडे! तुझं डावीकडे, माझं नव्हे! पट्टा उलटा धरलायस, बावळटा. लोकांचे दात काढतोस की नाक?"

हा आरडाओरडा ऐकून बायको धावत आली. तिचं हसू कुठच्या कुठे पळालं होतं. "बाबा! काय चाललंय? किती ओरडताय त्याला?"

"तू मध्ये पडू नकोस," मशीनखालून डॉक्टर म्हणाले.

"तू मध्ये पडू नकोस," सासरे म्हणाले.

ती दारातच थांबली. नवऱ्याचे फक्त पाय दिसत होते, आणि त्यातला एक पाय तालात हलत होता.

पत्रा बसला, वायर जोडली, झाकण लागलं. मशीन पुन्हा बोळात गेलं, या वेळी "येऊ दे, येऊ दे" असं एकेरीत. ओले टॉवेल आत टाकून डॉक्टरांनी बटण दाबलं. दोघांनी कान दिले. मोटर हलकेच गुणगुणली. ड्रम फिरू लागला. ना कुरकुर, ना कपाट ओढल्याचा आवाज.

"लबाडा," सासरे त्यांच्या पाठीत थाप मारत म्हणाले, "जमलं की रे!" थाप बस ड्रायव्हरची होती. डॉक्टरांना खोकला आला.

मग दोघे बोळातच भिंतीला टेकून, पाय पसरून बसले. दाराच्या गोल काचेतून टॉवेल वर चढताना आणि धपकन खाली पडताना दिसत होते. सासरे आपल्या डेपोतल्या एका गाडीची हकीकत सांगायला लागले. तिचं दार उघडायला लाथ मारावी लागायची, आणि नव्या आलेल्या साहेबांनी ती लाथ नेमकी कुठे मारली, इथवर हकीकत आली आणि थांबली. डॉक्टरांनी शेजारी पाहिलं. सासरे त्यांच्या खांद्यावर डोकं टाकून झोपले होते. मशीन आता अजिबात आवाज करत नव्हतं, त्यामुळे त्यांचं घोरणं घरभर स्पष्ट ऐकू जात होतं.

थोड्या वेळाने डॉक्टरांच्या पायाला मुंग्या आल्या. साहेबांनी लाथ कुठे मारली तेही कळायचं राहिलं होतं. त्यांनी जपून, अगदी जपून, गुडघा जरासा वर घेतला.

"हलू नकोस रे," डोळे न उघडता सासरे म्हणाले आणि पुन्हा घोरू लागले.